काकांचं घड्याळ आणि माझी खोली

किल्लीचं जुनं मनगटी घड्याळ दिवसाला दहा सेकंद चुकलं तरी जाणकार त्याला ‘उत्तम’ म्हणतात. माणसांच्या बाबतीत एवढा उदार निकष कुणी लावत नाही. निदान आमच्या घरात तरी नाही.

माझ्याकडे अशी तेवीस घड्याळं आहेत. त्यातली चार चालतात. उरलेली एकोणीस ‘चालू शकतात’, आणि या दोन क्रियापदांतला फरक मी आईला दोन वर्षं समजावून सांगते आहे. आईचं म्हणणं एवढंच की, “घरात तेवीस घड्याळं, आणि पोरगी रोज कामावर उशिरा!” यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नाही. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालं म्हणजे सगळ्याच प्रश्नांना शास्त्रीय उत्तरं मिळतात असं नाही.

काम म्हणाल तर मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. दुकानातले, दवाखान्यातले, पोस्टातले काटे आमच्याकडे येतात किंवा आम्ही त्यांच्याकडे जातो. काटा बरोबर निघाला की त्यावर चिठ्ठी चिकटते आणि चिठ्ठीवर माझी सही होते. चुकीच्या काट्यावर माझी सही आजवर गेलेली नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, नोंद म्हणून सांगते. गर्व आहे, पण तो वेगळा मुद्दा.

घड्याळांचा उद्योग चालतो तो गच्चीला लागून असलेल्या खोलीत. आठ फूट बाय सहा फूट. तिच्यात एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, पाच चिमटे आणि शांतता. चौघा वडीलधाऱ्यांच्या घरात शांतता ही वस्तू किती दुर्मीळ असते ते ज्याचं त्याला माहीत. ही खोली जाणार, असं मला गेल्या महिन्यात कळलं. मोठे काका निवृत्त होणार होते आणि निवृत्तीनंतर तब्येत कमावण्यासाठी त्यांनी व्यायामाची सायकल आणून ठेवली होती. ती खोक्यासकट पॅसेजमध्ये उभी होती आणि आम्ही सगळे महिनाभर घरात खेकड्यासारखे आडवे चालत होतो. सायकलला जागा हवी होती. जागा एकच होती.

बाबांकडे दाद मागितली. बाबांनी वर्तमानपत्र थोडं वर उचललं. “मी यात नाही,” असं ते त्यामागून म्हणाले. बाबा कशातच नसतात.

मोठे काका म्हणजे पाण्याच्या मीटरांच्या खात्यातले हेडक्लार्क. बत्तीस वर्षांत ऑफिसला एक मिनिटही उशीर नाही. हे वाक्य आमच्या घरात दिवसातून एकदा तरी उच्चारलं जातं, आणि उच्चारताना काका डावं मनगट पुढे करतात. मनगटावर नोकरीला लागले त्या वर्षी घेतलेलं किल्लीचं घड्याळ. मोबाइलचा टाइम कंपनीचा, हा माझा, असं त्यांचं तत्त्वज्ञान आहे. प्रत्यक्षात काका घरातून निघतात ते काकूच्या ओरडण्यावर. काकूचं ओरडणं अतिशय अचूक आहे. पण काकूला मनगटावर बांधून मिरवता येत नाही, त्यामुळे श्रेय घड्याळाला.

ते घड्याळ निरोपसमारंभाच्या पंधरा दिवस आधी बंद पडलं. काकांनी ते हलवलं, टेबलावर टकटक आपटलं, कानाला लावलं, काकूच्या कानाला लावलं. मग सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर ठेवलं.

“काय शास्त्रज्ञ,” काका म्हणाले, “एवढं शिकलात, एवढ्या घड्याळांचे मुडदे पाडलेत. हे एक उठवून दाखवा.”

“दाखवते. पण मग खोली माझी.”

आई म्हणाली, “अगं, काकांशी असं बोलतात का?”

“बोलू दे, बोलू दे,” काका म्हणाले. सौदा त्यांना आवडला होता, कारण आपण हरणार नाही याची त्यांना खात्री होती. “समारंभाच्या दिवशी घड्याळ तिथेच आणून द्यायचं. मी सगळ्यांसमोर ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघेन. जुळलं, तर खोली तुझी. नाही जुळलं, तर सायकल वर. आणि खोकं तू चढवायचंस.”

“फक्त भिंतीवरच्या घड्याळाशी जुळायला हवं ना?”

“फक्त! अगं, अख्खं खातं त्या घड्याळावर चालतं.”

मी हो म्हटलं. काट्यांच्या धंद्यात पहिला प्रश्न असा असतो की, ज्या वजनाने काटा तपासताय ते वजन कुणी तपासलं? हा प्रश्न मी रोज परक्या माणसांना विचारते. काकांना विचारला नाही. घरात आलं की शिक्षण चपलांबरोबर बाहेर राहतं ते असं.

घड्याळ उघडलं तर आत तेल वाळून चिकटलं होतं, एवढंच. साफ करायचं, तेल द्यायचं, जोडायचं. दोन संध्याकाळचं काम. तिसऱ्या दिवशी उठून काकांच्या हातात ठेवू, असा माझा बेत होता, आणि ठेवताना चेहरा कसा असावा तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. पण घड्याळात एक स्प्रिंग असते. दिलेली किल्ली उलटी सुटू नये म्हणून जो दात अडवून धरतो, त्याला मागून रेटणारी. वाकलेल्या पापणीच्या केसाएवढी. ती चिमट्यातून निसटली. ‘टिक्’ असा आवाज झाला. बंद पडल्यापासून त्या घड्याळाने केलेला तो पहिला आवाज.

पुढच्या दहा मिनिटांत घर खोलीत जमलं. काकू गुडघ्यांवर, आई गुडघ्यांवर, बाबा दारात, मी टेबलाखाली. काकूने सुचवलं, “आधी घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेव. माझा मोबाइल तांदळानेच सुधारला.”

“काकू, तो पाण्यात पडला होता.”

“मग? बिघाड तो बिघाडच.”

एवढ्यात शेजारचे टॉर्चसाहेब आले. हे निवृत्त इंजिनियर. भरदुपारीसुद्धा खिशात टॉर्च असतो आणि कुणाच्या घरात काही बिघडलं की त्यांना ते आमच्याआधी कळतं. त्यांनी खोलीभर टॉर्च फिरवला, माझ्या तोंडावरही फिरवला आणि विचारलं, “स्टीलची आहे ना? मग डोळे कशाला फोडताय? चुंबक आणतो.”

चुंबक आणलं ते जुन्या स्पीकरमधलं. बशीएवढं. त्यांनी ते जमिनीवरून फिरवलं, भिंतीच्या कडेने फिरवलं आणि शेवटी टेबलावरूनही अगदी मन लावून दोनदा फिरवलं. टेबलावर काकांच्या घड्याळाचे सुटे भाग काचेच्या वाटीखाली झाकून ठेवले होते. मी तिथेच उभी होते. मी म्हटलं, “साहेब, त्या कोपऱ्यातपण बघा ना.”

सापडल्या त्या सात टाचण्या, एक हेअरपिन, आणि बाबांच्या नेलकटरचा अर्धा भाग, जो माझ्यामुळे हरवला असं दोन वर्षं बोललं जात होतं. स्प्रिंग सापडली नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर ती दुसऱ्या कुणाकडून तरी कळेलच. माझा एम.एस्सी.चा प्रबंध चुंबकत्वावर होता.

नवी स्प्रिंग परदेशातून मागवली. ती आठ दिवसांत पोस्टात आली आणि पोस्टातच राहिली. मी गेले. खिडकीमागच्या कारकुनांनी पाकीट काट्यावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

“मिळणार नाही,” ते म्हणाले.

“का?”

“वजन भरल्याशिवाय सुटत नाही. वजन शून्य येतंय.”

“मग शून्य भरा.”

“शून्य घेत नाही कॉम्प्युटर. शून्य वजन म्हणजे पाकीट आलेलंच नाही.”

“पण ते तुमच्या हातात आहे.”

“माझ्या हातात आहे हो ताई. माझ्या हातात असून काय होतंय?”

मी मान वाकडी करून बघितलं. काटा पार्सलांचा होता, दहा ग्रॅमच्या खालचं वजन दाखवतच नव्हता. मी आवाज चढवला. “हा असला काटा इथे ठेवलाच कुणी?”

कारकून शांतपणे म्हणाले, “तपासलेला काटा आहे. सर्टिफिकेट आहे.” आणि त्यांनी काटा माझ्याकडे वळवला. चिठ्ठी नीट चिकटली होती. सहीसुद्धा सुवाच्य होती. मी ती दोनदा वाचली. माझीच होती. काटा चुकीचा नव्हताच. त्याची पायरी दहा ग्रॅमची आहे, असं चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. फक्त काल-परवापर्यंत मी खिडकीच्या आतल्या बाजूने त्याच्याकडे बघत होते.

“तुम्ही यातल्या दिसता,” कारकून म्हणाले.

“थोडीशी.”

त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पाकिटावर ठेवला. काट्याने तीस ग्रॅम दाखवलं. कॉम्प्युटरने ते आनंदाने घेतलं. “करा सही. तीस ग्रॅम माल मिळाला.” चष्मा त्यांनी परत डोळ्यांवर चढवला आणि मी तीस ग्रॅमची पोच लिहून देऊन तीन ग्रॅम घरी आणले.

घड्याळ जोडलं. ते चालू झालं. नुसतं चालू नाही, ते पळत सुटलं. पहिल्या दिवसात वीस मिनिटं पुढे. मी वेग कमी करायचा काटा मागे सरकवला. अठरा मिनिटं पुढे. सगळं पुन्हा खोललं, पुन्हा साफ केलं, पुन्हा तेल दिलं. तेवीस मिनिटं पुढे. रोजच्या नोंदी वहीत करत होते, त्यांचा आलेख काढला, आलेखाखाली संभाव्य कारणं लिहिली. कारणं एकूण अकरा झाली. काका रोज जिन्याखालून ओरडून विचारायचे, “काय शास्त्रज्ञ, उठला का मुडदा?” आणि मी वरून सांगायचे की उठलाय, पण आवरत नाहीये.

“मीटर असंच पळतं,” काका खालून म्हणाले, “आणि लोक आमच्या नावाने बोंबलतात.”

समारंभाला दोन दिवस उरले तेव्हा मान खाली घालून घड्याळजींकडे गेले. जिन्याखालचं एवढंसं दुकान, आत म्हातारे घड्याळजी, डोळ्याला भिंग. मी वही उघडली आणि आलेख दाखवायला लागले. त्यांनी आलेखाकडे बघितलं नाही. टेबलावर होकायंत्र होतं, त्याच्याजवळ त्यांनी माझं घड्याळ नेलं. होकायंत्राची सुई थरथरली.

“चुंबकाजवळ ठेवलं होतं का?”

मी वही मिटली.

“आतली केसासारखी स्प्रिंग असते ना, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. मग पळतं घड्याळ. लोकांना कळत नाही, त्यात लोकांची चूक नाही. विज्ञानातली गोष्ट आहे ती.” त्यांनी चुंबकत्व उतरवणाऱ्या एका छोट्या डबीवर घड्याळ धरलं, बटण दाबलं, हळूच वर उचललं. झालं. चार सेकंद लागले असतील. “कुठवर शिकलीस पोरी?”

“बारावी,” मी म्हटलं.

त्यानंतरचे दोन दिवस घड्याळ आदर्श बालकासारखं वागलं. दिवसाला चार सेकंद पुढे, बस. प्रयोगशाळेतल्या प्रमाणवेळेशी मी ते सेकंदाला सेकंद जुळवलं, रुमालात गुंडाळलं आणि काकू, आई, बाबा यांच्यासोबत समारंभाला निघाले. खोली आता माझीच होती. भिंतीवर एक फळी ठोकायची, एवढंही ठरवून झालं होतं.

काकांच्या ऑफिसचा हॉल. खुर्च्यांच्या रांगा, टेबलावर पांढरी चादर, आणि दारावर ते प्रसिद्ध घड्याळ. लाकडी, गोल तबकडीचं, आठवड्याच्या किल्लीचं. काका कडक इस्त्रीत उभे होते. बाजूला शिपाईमामा पाण्याचे ग्लास मांडत होते. मी रुमाल उघडला.

काकांनी घड्याळ कानाला लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ते मनापासून हसले, मी जिंकले हे विसरून. मग त्यांनी ते मनगटावर बांधलं, मनगटाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. पुन्हा मनगटाकडे.

“हे काय? नऊ मिनिटं पुढे.”

“शक्य नाही काका. भिंतीवरचं मागे असेल.”

“ते मागे असूच शकत नाही. रोज सकाळी आल्याबरोबर मी त्याच्यावरूनच माझं घड्याळ लावतो.”

“आणि भिंतीवरचं कशावरून लावतात?”

काकांना माहीत नव्हतं. शिपाईमामांना होतं. ग्लास पुसत पुसत ते कौतुकाने म्हणाले, “ते मी लावतो ना. दर सोमवारी किल्ली देताना. आपल्या या साहेबांच्याच मनगटावर बघून.”

काका माझ्याकडे बघायला लागले, मी भिंतीकडे. शिपाईमामांनी आपलं म्हणणं पटलं नसेल अशा समजुतीने पुरावा जोडला. “एकदम करेक्ट आहे बघा. माझा मोबाइलच नऊ मिनिटं पुढे पळतो. म्हणून मी बदलला. दुसरा घेतला, तर तोही नऊच मिनिटं पुढे. हल्ली वस्तूच तशा येतात.”

काटा वजनाने तपासावा आणि ते वजन त्याच काट्यावर तपासावं, असा प्रकार आमच्या धंद्यात कुणी केला तर त्याचं दुकान बंद होतं. इथे त्यावर एक अख्खं खातं चाललं होतं. नऊ मिनिटं नेमकी कधीपासून हे सांगायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि सुटायची वेळही नऊ मिनिटं उशिराच होत असल्यामुळे सरकारचं काही बुडालं असंही म्हणता येणार नाही. पण काकांच्या डोक्यात सुटायची वेळ नव्हती. त्यांच्या डोक्यात यायची वेळ होती.

“म्हणजे मी रोज...” काका म्हणाले आणि थांबले.

व्यासपीठावर मोठे साहेब मानपत्र वाचायचा सराव करत होते. माइक चुकून चालू राहिला होता. “बत्तीस वर्षांच्या सेवेत एक मिनिटही... एक मिनिटही... इथे थांबायचं का हो? टाळ्या येतील ना?”

काका माझ्याजवळ सरकले. मला त्यांनी शास्त्रज्ञ म्हटलं नाही. डॉक्टरला विचारावं तसं हळू आवाजात विचारलं, “खरं सांग बेटा. कुठलं बरोबर आहे?”

त्या क्षणी खोलीचा विचार माझ्या मनाला शिवला नाही, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. शिवला. आधी तोच शिवला. मनगटावरचं बरोबर म्हटलं तर ते भिंतीशी जुळत नाही, म्हणजे सौद्याप्रमाणे खोली जाते. भिंतीवरचं बरोबर म्हटलं तर शास्त्र जातं. हे मी आधी मोजलं, आणि मग काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा मोजण्यासारखा नव्हता. आयुष्यात ज्या एका गोष्टीची त्यांना खात्री होती, ती त्यांनी माझ्या हातात दिली होती, आणि मी ती धरलेली होती चिमट्यात.

“भिंतीवरचं,” मी म्हटलं. “माझंच लावताना चुकलं. द्या इकडे.”

किल्ली ओढली आणि दोन बोटांनी काटे मागे फिरवले. नऊ मिनिटं. एक सेकंदही इकडेतिकडे झाला नाही, याचंच वाईट वाटलं. किल्ली आत दाबली आणि घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधून दिलं.

काकांनी वर बघितलं, खाली बघितलं. जुळलं होतं. दहा सेकंदांत माणूस पूर्ववत झाला. एवढ्या लवकर मी एकही घड्याळ दुरुस्त केलेलं नाही.

“तरी मला वाटलंच,” ते मोठ्याने म्हणाले. “मशीन तुला जमलंय. टाइम जमायला अनुभव लागतो. ठेव खोली, पण शिकत राहा.”

मी समजले की हे इथेच संपलं. पण काकांना भाषण करायचं होतं. मानपत्र झालं, टाळ्या आल्या, आणि काका माइकसमोर उभे राहिले. “माझी पुतणी विज्ञानाची मोठी पदवीधर आहे,” त्यांनी मला उभं राहायला लावलं. “तिने हे घड्याळ दुरुस्त केलं, मला अभिमान आहे. पण नऊ मिनिटं चुकवलं होतं! मी एका नजरेत पकडलं. का? तर बत्तीस वर्षं! पुस्तकं एकीकडे आणि सवय एकीकडे!” हॉलमध्ये हशा. मीही हसले. आई शेजारून पुटपुटली, “तरी मी सांगत होते, आधी नीट शीक.” बाबांनी या वेळी वर्तमानपत्र आणलं नव्हतं, त्यामुळे ते नुसते समोर बघत होते. मागे दारात शिपाईमामा मोबाइल कानाशी हलवून बघत होते.

समारंभ संपला आणि मी काढता पाय घेणार, तोच मोठे साहेब व्यासपीठावरून खाली आले. मनगटावरचं घड्याळ त्यांनी सोडून हातात घेतलं होतं. मी तबकडी बघितली. प्रमाणवेळेशी मिनिटाला मिनिट बरोबर.

“मशीनचं काम तुला येतं म्हणे. हे बघतेस का जरा? घेतल्यापासून नऊ मिनिटं पुढे जातंय. रोज ऑफिसात मागे करतो, घरी बायको पुढे करते; आज मागे करायचं राहिलंच. भांडणं होतात.”

त्यांच्यामागे लेखापाल उभे होते, हातात घड्याळ. त्यांच्यामागे टायपिस्टबाई, हातात घड्याळ. रांग खुर्च्यांमधून वळून दारापर्यंत गेली होती आणि शेवटी शिपाईमामा होते. काका रांगेच्या कडेने फिरत सगळ्यांना सांगत होते की घाबरू नका, शेवटी तपासायला मी आहे.

एकूण सतरा घड्याळं आणि एक मोबाइल. आता ती सगळी वर माझ्या खोलीत आहेत. एकाही घड्याळात काहीही बिघाड नाही.

“आठवडा लागेल,” ती घेताना मी साहेबांना म्हटलं. “तोवर घड्याळावाचून तुमची अडचण होईल.”

“छे गं,” साहेब म्हणाले. “आम्ही ऑफिसच्या टाइमाने चालतो.”